जुना संगणक आणि अवेळी अजान

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हापासून ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न कानावर येतो: आता जुन्या संगणकाचे काय करायचे? मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे. सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या कंपनीकडून नियमित येत होत्या, त्या थांबल्या. पण पुढे काय होते हे विंडोज ७ वाल्यांनी आधीच पाहिले आहे. तिची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही तिच्यावर यायच्या थांबल्या. मग एकेक संकेतस्थळ उघडेनासे झाले. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे आणि पान अर्धे उघडून तसेच राहावे, हा अनुभव अनेकांना आला असेल.

दुकानात गेले की दोन उत्तरे तयार असतात. पहिले, "हा डबा भंगारात द्या, नवा घ्या." दुसरे त्याहून स्वस्त: "फॉर्मॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." आम्हाला दोन्ही उत्तरे मिळाली. पहिल्याला पैसे नव्हते. दुसऱ्याला आम्ही नाही म्हटले, त्याचे कारण सांगायला हवे.

आमच्या घरचा संगणक २००९ सालचा. अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्डडिस्क. अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हाती घेतले होते: खाडीकाठच्या आमच्या गावातल्या घराण्यांचा शजरा. कब्रस्तानातल्या जुन्या दगडांवरची नावे, निकाहाच्या वह्या, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, कोण जहाजावर गेला, कोण आफ्रिकेत राहिला, कोणाची लेक कोणत्या गावी दिली. मुलींची नावेही लिहायची, हा त्यांचा हट्ट. शजऱ्यात सहसा मुलगेच असतात, ते त्यांना पटत नसे. एकशे चाळीस पानांच्या आसपास काम झाले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. छापलेली प्रत एकच, तीही अर्धी, आणि तिच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. बाकी सगळे त्या डब्यात.

आणि ते सगळे इनपेजमध्ये. उर्दू वाचणाऱ्या घरांना हे नाव नवे नाही. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढतात, त्यामुळे ती टाइपात बसवणे फार अवघड होते. उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हाताने लिहून, मग छापून निघत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने ते बदलले. एकेक अक्षर जोडण्याऐवजी जोडलेल्या अक्षरांचे हजारो तयार आकार त्यांनी लिहून घेतले होते. १९९४ मध्ये आपल्या देशात तयार झालेल्या इनपेजने ते सौंदर्य साध्या संगणकावर आणले, आणि उर्दूची पुस्तके, पत्रिका, निकाहाची कार्डे सगळी त्यात होऊ लागली. पण जुन्या इनपेजचे अक्षर साठवण्याचे संकेत त्याचे स्वतःचे होते. आज सगळीकडे चालणारे युनिकोड त्यात नव्हते. म्हणून ती फाइल दुसऱ्या कार्यक्रमात उघडली तर खुणांचा कचरा दिसतो. दुकानातल्या मुलाला तो कचराच वाटणार. "यात काही नाही, उडवू का?" असे त्याने विचारले तर त्याचा दोष म्हणता येणार नाही.

म्हणून आम्ही ठरवले की जुन्या हार्डडिस्कवर काहीही लिहायचे नाही. तिच्यावरून फक्त वाचायचे. नवी प्रणाली घालायची ती वेगळ्या, नव्या डिस्कवर. वाचकांनी या लेखातले बाकी सगळे विसरले तरी एवढे लक्षात ठेवावे. प्रणाली पुन्हा घालता येते, फाइल पुन्हा आणता येत नाही.

मग प्रश्न, कोणती प्रणाली? विंडोज ११ चा विचार लगेच संपला. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, यूईएफआय लागते, चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. या अटींना वळसा घालून ती बसवणारे लोक आहेत. पण २०२४ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून प्रोसेसरला काही ठरावीक आज्ञा समजाव्याच लागतात आणि कोअर टू ड्युओच्या पिढीला त्या समजत नाहीत. तिथे वळसा नाही. उरले लिनक्स. भाचा दम्मामला संगणकाच्याच कामावर आहे, त्याने लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवली. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दोन जीबी रॅमवर ती चालते, चार असली तर बरी. फक्त प्रोसेसर ६४-बिट हवा. कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे. त्याहून जुने, ३२-बिट यंत्र कोणाकडे असेल तर हे जमणार नाही, हे डाउनलोड करण्याआधीच पाहून घ्यावे. तीन जीबीचा डेटा गावाकडे फुकट येत नाही.

मिंटची फाइल शाळेतल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर उतरवली. अशा फाइलसोबत चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ दिलेली असते. आपण उतरवलेल्या फाइलची तीच ओळ काढून जुळवायची. एक अक्षर वेगळे आले तरी फाइल वाटेत बिघडली असे समजावे. जुळवायला पाच मिनिटे लागतात. ती वाचवली तर पुढे दोन दिवस कोणाला दोष द्यावा ते कळत नाही. आमची जुळली. फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रूफससारख्या कार्यक्रमाने ती लिहावी लागते, आणि जुन्या बायोसच्या यंत्रासाठी तिथे एमबीआर हा पर्याय निवडावा लागतो. जीपीटी निवडला तर नवे यंत्र चालेल, जुने पेनड्राइव्हकडे बघणारही नाही.

आता संगणकाची गोष्ट.

पेनड्राइव्ह लावला, संगणक सुरू केला, आणि तो सरळ विंडोज ७ मध्ये गेला. बंद करून पुन्हा सुरू केला, डिलीटचे बटण दाबत बायोसच्या निळ्या पडद्यावर पोहोचलो. बूटच्या यादीत यूएसबीला पहिले स्थान दिले, सेव्ह केले. पुन्हा विंडोज. हा जुन्या मदरबोर्डांचा एक स्वभाव आहे आणि तो माहीत नसेल तर माणूस पेनड्राइव्ह बदलत बसतो. हे बोर्ड पेनड्राइव्हला यूएसबी समजतच नाहीत, हार्डडिस्क समजतात. हार्डडिस्कांच्या क्रमाची वेगळी यादी आत दडलेली असते. तिथे जाऊन पेनड्राइव्हला हार्डडिस्कच्या वर न्यावे लागते. भाच्याने फोटो पाहून तेवढेच लिहून पाठवले: "मामू, एक पायरी आत जा." गेलो, आणि मिंटची हिरवी पाने पडद्यावर आली. रात्रीचे अकरा वाजले होते. अम्मींनी शुक्र म्हटले आणि सगळे झोपले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर पुन्हा बसलो. पेनड्राइव्ह तोच, संगणक तोच. सरळ विंडोज ७.

अशा वेळी घरात चर्चा सुरू होते. पेनड्राइव्ह खराब झाला. कोणीतरी हात लावला. मुलगी म्हणाली, "अब्बा, कालचा क्रम तिथे नाहीच." खरेच, बायोसमधली यादी पूर्वीसारखी झाली होती. आदल्या रात्रीची आमची निवड संगणकाने विसरून टाकली होती.

इथे अम्मींचे एक जुने गाऱ्हाणे उपयोगी पडले. अब्बांनी संगणकावर नमाजच्या वेळांचा एक कार्यक्रम घातला होता. वेळ झाली की तो अजान देई. गेल्या वर्षभरात तो अजान कधीही देऊ लागला होता. सकाळी दहाला फज्र, दुपारी असर संपल्यावर जोहर. अम्मी म्हणत, "हा डबा अवेळी अजान देतो, ह्याची आवाजाची वायर काढा." वायर काढली होती आणि विषय संपला होता. आता त्या संगणकाचे घड्याळ पाहिले तर तारीख १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा खाली-वर आकाराचा, तीन व्होल्टचा, नाव सीआर २०३२. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये तोच असतो. संगणकाची वीज पूर्ण बंद असते तेव्हा घड्याळ आणि बायोसच्या आवडीनिवडी तो सांभाळतो. पाच-सात वर्षांत तो संपतो. मग भिंतीवरचे बटण बंद केले की संगणकाला काल काय झाले ते आठवत नाही. आमच्याकडे रोज रात्री बटण बंद करण्याची शिस्त, शिवाय कोकणातल्या पावसाळ्यातली वीज. अवेळी अजान आणि विसरलेला पेनड्राइव्ह, दोन्हींचे मूळ हा एक सेल. तो किराणा दुकानाशेजारच्या घड्याळजीकडे मिळाला. सीएमओएस चेकसम एरर अशी ओळ सुरुवातीला येऊन एफ-१ दाबा म्हणणारा संगणक कोणाकडे असेल, तर आधी हा सेल बदलून पाहावा.

तारीख चुकली की आणखी एक होते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारी असतात. संगणकाला २००९ साल वाटत असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला पुढच्या काळातले दिसते आणि तो ते नाकारतो. म्हणजे इंटरनेट चालू असूनही बँकेचे पान 'कनेक्शन खासगी नाही' म्हणत थांबते. लिनक्सच्या दुरुस्त्याही त्याच कारणाने उतरत नाहीत. कितीतरी लोक यावर संगणकात व्हायरस शिरला असे समजतात.

सेल बदलल्यावर मिंट सुरू झाले. मिंटची सोय अशी की डिस्कवर काही न लिहिता ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. त्याच अवस्थेत अब्बांच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढायच्या, असा बेत होता. पण पडदा पाच-दहा मिनिटांनी गोठू लागला. माउस हलेना. एकदा ब्राउझर उघडताना, एकदा नुसते घड्याळ पाहताना. एकदा तर कोणी काही करत नसताना.

भाच्याचा आवाजी निरोप आला, तिथे मगरीबची वेळ असावी, मागे अजान ऐकू येत होती. "मामू, दरवेळी एकाच जागी अडकतो का वेगवेगळ्या?" वेगवेगळ्या. "मग कॉपी आत्ता करू नका. आधी मेमरी टेस्ट लावा."

हा प्रश्न आम्हाला फार आवडला. वर्गातही तेच असते. एक मूल दरवेळी हातच्याच्या बेरजेतच अडकत असेल तर हातचा समजलेला नाही. पण कधी बेरजेत, कधी गुणाकारात, कधी नाव लिहितानाही अडकत असेल तर मुलाला चष्मा लागला आहे का ते पाहावे. संगणक दरवेळी त्रेपन्न टक्क्यांवरच थांबत असेल तर फाइलचा किंवा डिस्कचा तो तुकडा खराब असण्याचा संभव जास्त. जागा बदलत असेल तर संशय रॅमवर, विजेच्या पुरवठ्यावर किंवा उष्णतेवर. आणि रॅम खराब असताना कॉपी केली तर फाइल वाटेत रॅममधूनच जाते. डिस्कवर शुद्ध असलेले नाव नकलेत बिघडू शकते, आणि कॉपी पूर्ण झाली असेच संगणक सांगतो.

मिंटच्या सुरुवातीच्या यादीत मेमरी टेस्टची ओळ असते. ती निवडून संगणक तसाच सोडून द्यावा. आम्ही इशाच्या आधी लावली, जेवणे होईपर्यंत पडद्यावर लाल ओळी उमटल्या होत्या. दोन पट्ट्या होत्या, एकेक जीबीच्या. एका वेळी एकच लावून तपासले. दोन्ही काढल्या तर संगणक लांब शिट्ट्या मारतो. तेही बरेच, बोर्ड जिवंत असल्याचे कळते. एक पट्टी निर्दोष निघाली. दुसरीच्या सोनेरी दातांवर काळसर थर होता. समुद्राकाठची हवा लोखंडाच्या गजाला सोडत नाही, ती याला कशी सोडेल! त्यावर उपाय आमच्या दप्तरातच असतो: पांढरे खोडरबर. हलक्या हाताने दात घासायचे, कण फुंकून काढायचे, आणि हे करण्याआधी वीज बंद करून कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. अर्ध्या तक्रारी एवढ्याने मिटतात असे दुरुस्ती करणारे सांगतात. आमची पट्टी घासूनही लाल ओळी देतच राहिली, म्हणून ती काढून टाकली. तालुक्याच्या गावी वापरलेल्या, दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या. जुन्या बोर्डाला सगळ्याच पट्ट्या चालत नाहीत. म्हणून बोर्डाचे नाव लिहून न्यावे, किंवा संगणकच नेऊन तिथे लावून पाहावे. आम्ही तो रिक्षात घालून नेला. रात्रभर टेस्ट चालवली, सकाळी फज्रला पाहिले तर एकही लाल ओळ नाही.

मग अब्बांच्या फाइली काढल्या. जुन्या हार्डडिस्कची तब्येत मिंटमधल्या डिस्क नावाच्या कार्यक्रमाने पाहिली. डिस्क स्वतःची नोंद ठेवत असते: किती जागा खराब झाल्या, किती संशयित आहेत, किती तास चालली. आमच्या डिस्कवर काही जागा खराब म्हणून बदललेल्या होत्या. बंद पडलेली नव्हती, पण भरवसा ठेवावा अशीही राहिली नव्हती. त्या दिवशी तिच्यावरून दुसरे काहीही उघडले नाही, ना जुने फोटो, ना नातांचा फोल्डर. आधी इनपेजच्या फाइली. दोन पेनड्राइव्हवर दोन नकला, आणि फाइल उतरवताना जुळवली होती तशीच चौसष्ट अक्षरांची ओळ प्रत्येक फाइलची मूळ आणि नक्कल अशी जुळवली. एकोणीस फाइली. सगळ्या जुळल्या. त्यानंतर फोटो, मग बाकी. हे संपल्यावर ती हार्डडिस्क काढून, मऊ कापडात गुंडाळून अम्मींच्या कपाटात ठेवली. आता पुढे काहीही चुकले तरी तिला धक्का लागणार नव्हता, आणि घरातले सगळेच जरा मोकळे बोलू लागले.

त्यापुढचे काम सोपे होते म्हणून थोडक्यात सांगतो. २४० जीबीची नवी एसएसडी घेतली. तिला फिरणारी तबकडी नसते. जुन्या बोर्डावर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी चार मिनिटांत सुरू होणारा संगणक मिनिटाच्या आत सुरू होऊ लागला. घालताना एकदा पडदा काळा झाला. सुरुवातीच्या यादीत कम्पॅटिबिलिटी मोड नावाची ओळ आहे, जुन्या ग्राफिक्ससाठीच ती असते. तिने काम झाले. संगणकात फक्त नवीच डिस्क लावलेली असल्याने 'सगळे पुसून घाला' या पर्यायावर बोट ठेवताना कोणाचा हात थरथरला नाही. एसएसडी, रॅम, सेल मिळून खर्च अडीच हजारांच्या आत राहिला.

एका गोष्टीवर मात्र घरात बराच वेळ बोलणे झाले. दुकानात 'क्रॅक केलेली' प्रणाली सर्रास घालून देतात आणि आपणही विचारत नाही. ज्याने बनवले त्याची इजाजत नसताना ते वापरणे जायज की नाही, हे उलमांना विचारावे. आम्ही फतवा देणारे नव्हेत. पण लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही, हे सांगण्यासारखे आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि पुढे ज्या परवान्याखाली दिला, तो परवाना वापरण्याची, पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची उघड परवानगी देतो. मिंट त्याच कुळातले. आम्ही त्याच पेनड्राइव्हवरून शेजारच्या घरी आणि मदरशातल्या एका जुन्या संगणकावरही ते घातले, आणि त्यात कोणाचे काही घेतले नाही.

अडचणी नाहीत असे नाही. शाळेच्या कामात लागणारे काही कार्यक्रम फक्त विंडोजवर चालतात, त्यासाठी शाळेतलाच संगणक वापरतो. प्रिंटर जुना असेल तर आधी त्याचे नाव शोधून पाहावे. मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कळफलक तयार मिळतो. उर्दूचाही मिळतो, उच्चारानुसार बटणे असलेला, म्हणजे 'बे'साठी बीचे बटण. पण उर्दू पहिल्यांदा लिहून पाहिले तेव्हा ते नस्ख वळणात उमटले, अरबी पुस्तकासारखे सरळ. अम्मींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हे कुराण शरीफचे वळण झाले. हे उर्दू नव्हे." नस्तालीक नसले तर आपल्या बुजुर्गांची नजर त्या ओळीवर टिकत नाही, लिपी तीच असली तरी. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फाँट घातला तेव्हा ओळी पुन्हा तिरक्या उतरू लागल्या. जुन्या यंत्राला तो थोडा जड जातो, लांब पान वर-खाली करताना अडखळतो. चालते.

मिंटवर इनपेजच्या फाइली उघडत नाहीत, हे आधीपासून ठाऊक होते. शाळेच्या कार्यालयात विंडोजवर इनपेजची नवी आवृत्ती आहे, तिला युनिकोड येते. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे बसलो. एकोणीसपैकी सतरा फाइली पहिल्या झटक्यात उघडल्या. अब्बांचे अक्षर म्हणता येणार नाही, पण त्यांनी निवडलेला आकार, त्यांनी सोडलेले समास, प्रत्येक घराण्याच्या वर त्यांनी काढलेली बारीक रेघ तशीच होती. उरलेल्या दोन फाइली त्याहून जुन्या आवृत्तीतल्या निघाल्या. त्या आधी एकदा सेव्ह करून मग उघडाव्या लागल्या. सगळ्यांचा मजकूर युनिकोडमध्ये काढून घरी आणला.

या बदलात काही गोष्टी बिघडतात. सनावळीतले आकडे काही ठिकाणी उलटे झाले, १९३४ चे ४३९१. दोन डोळ्यांचा 'हे' आणि गोल 'हे' यांची अदलाबदल झाली. जबर-जेर कुठे गळून पडले. शब्द साधा असेल तर संदर्भाने लागतो, पण माणसाच्या नावाला संदर्भ नसतो. खाडीपलीकडच्या गावांची कोकणी नावे तर कोणत्याही कोशात मिळणार नाहीत. ती अम्मींनाच ठाऊक.

म्हणून सध्या रोज मगरीब ते इशा असे काम चालते. मुलगी पडद्यावरून नाव वाचते, अम्मी ऐकतात. बरोबर असेल तर मान हलवतात. नसेल तर थांबवतात, आणि मग त्या नावाच्या बाईचे माहेर, तिचा निकाह कोणत्या साली झाला, तिच्या हातचे सांदण कसे असे, इथपर्यंत गोष्ट जाते. मुलगी ते वेगळ्या फाइलीत मराठीत टिपून ठेवते, कारण अब्बांच्या शजऱ्यात त्याला रकाना नव्हता. छत्तीस पाने तपासून झाली आहेत. परवा एका पानावर तीन मुलींच्या नावांची जागा कोरी निघाली. अब्बांनी कंसात फक्त 'विचारायचे' असे लिहून ठेवले होते. दोन नावे अम्मींनी लगेच सांगितली. तिसऱ्या नावासाठी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या फुफीअम्मांना विचारायचे आहे. त्या नव्वदीच्या पुढे आहेत, येत्या जुम्याला त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.